डांबरी दोर: इयत्ता पहिली

जंगलात रात्र काढायची हौस आली की माणूस आधी दोर घेतो, मग तंबू, मग टॉर्च, आणि वनखात्याची परवानगी तेवढी राहून जाते. हा पाठ अशाच माणसांसाठी आहे. ज्यांच्या घरी अजून बैलजोडी आहे त्यांनी तो सोडून दिला तरी चालेल. त्यांच्या गोठ्यातल्या खुंटीवर जे वर्षानुवर्षं लटकतंय, ते मिळवायला आम्हा शहरातल्या लोकांना मोबाइलवर बोट फिरवावं लागतं आणि आठ दिवस कुरिअरवाल्याची वाट पाहावी लागते.

शिकवणाऱ्याची पात्रता आधी सांगतो. मी जळगावचा. माझ्याकडे ३६ नंबरच्या डांबरी दोरीचं एक अख्खं रीळ होतं. ‘होतं’ का, ते पुढे येईल.

नियम पहिला: डांबर म्हणजे काय ते दुकानदाराला विचारू नका. मी विचारलं होतं. बाजारातल्या एका जुन्या दुकानात जाऊन म्हटलं, डांबरी दोर द्या. त्यांनी सुतळीचा एक तोडा आणि डांबरगोळ्यांची पुडी काढून समोर ठेवली. चूक त्यांची नाही, मराठीची आहे. आपण तीन वेगळ्या काळ्या पदार्थांना एकच नाव देऊन मोकळे झालो. रस्त्यावर ओततात ते खनिज तेल गाळून खाली राहिलेलं. डांबरगोळ्या ज्यातून निघाल्या ते दगडी कोळशाचं. आणि जहाजाच्या दोराला फासायचे ते पाइनच्या लाकडाचं. पाइनचे राळेनं भरलेले बुंधे मातीखाली झाकून मंद धुमसवायचे आणि खालून पाझरणारा काळा चीक पिंपात धरायचा, हा स्वीडन-फिनलंडकडचा मोठा धंदा होता. ‘स्टॉकहोम टार’ म्हणून तो जगभर जायचा. इंग्रजी खलाशांचे कपडे, केस, हात यानं इतके माखलेले असत, की खलाशाला ‘टार’ हेच टोपणनाव पडलं.

कारण साधं. शिडाच्या जहाजाला मैलोगणती दोर लागायचा, तो अंबाडीसारख्याच वाखाचा असायचा आणि पाणी लागलं की कुजायचा. डांबरानं तो कुजायचा थांबे. पण फुकटात नव्हे. डांबर पाजलेला दोर त्याच जाडीच्या कोऱ्या दोरापेक्षा ताकदीला कमी भरतो, हे तेव्हाच्या खलाशांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ताकद देऊन आयुष्य विकत घेतलं. कोकणातल्या माणसाला हा सौदा करावा लागला नाही, कारण नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्याला मुळातच दाद देत नाही.

हा सगळा प्रकार महाराष्ट्रात कुठे नांदला असेल तर मुंबईच्या गोदीत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्यानं सागवानाची जहाजं बांधली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये अजून तरंगतंय. काळा घोड्याजवळ रोप वॉक लेन नावाची गल्ली आहे. नाव दोर वळण्यावरून पडलेलं. दोर वळायला सरळ, लांबच लांब जागा लागते आणि वळणारा पाठमोरा चालत जातो. आपल्या खेड्यातही दोर वळणारा गल्लीत असाच पाठमोरा चालत जायचा, पण आपण त्या गल्लीला नाव दिलं नाही. उलट लांबलेल्या बोलण्याला ‘चऱ्हाट वळणं’ म्हणू लागलो. हा परिच्छेद त्याचाच नमुना आहे.

आता विद्यार्थी विचारील, जळगावहून समुद्र अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे, मग जहाजाचा दोर आपल्याला कशाला? उत्तर असं, की जंगलात जगून दाखवणारे परदेशी लोक व्हिडिओत तोच वापरतात. आताची डांबरी दोरी वाखाची नसते. ती नायलॉनची, तीन पेडांची, वरून काळं लेपण दिलेली. तिकडचे मासेमार नदीकाठच्या झाडाला ती बांधून रात्रभर गळ टाकून ठेवतात. नायलॉन कुजत नाही, मग डांबर कशासाठी? तर उन्हापासून आणि घासण्यापासून बचाव व्हावा, पेड उलगडू नयेत आणि गाठ निसटू नये म्हणून. कोरं नायलॉन फार गुळगुळीत. त्याची गाठ राजकारण्याच्या शब्दासारखी. डांबर तिला धरून ठेवतं. हा गुण खरा आहे, आणि पुढे मला तोच भोवला.

नियम दुसरा: पीळ पाहा. दोरात जादू अशी एकच आहे. तंतू एका बाजूला पिळून सूत करायचं, सुतं उलट्या बाजूला पिळून पेड, पेड पुन्हा उलट्या बाजूला पिळून दोर. प्रत्येकाला उलगडायचं असतं आणि प्रत्येकाचं उलगडणं दुसऱ्याला घट्ट करतं. एकत्र कुटुंब असंच चालायचं. दुकानात दोराचं टोक दोन हातांत धरून उलट पीळ द्या. पेड सहज सुटे होऊन तसेच लोंबकळत राहिले तर दोर ढिला वळलाय. सोडल्याबरोबर पुन्हा एकमेकांना मिठी मारली तर घ्या.

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण कुणीतरी डोळ्यांनी पाहून केलेली आहे. वाखाचा तुकडा वारा नसलेल्या जागी जाळून पाहा, राखेतही पीळ तसाच उभा दिसतो. नायलॉन जाळलं तर त्याचा काळा थेंब होतो आणि बोटावर पडला तर फोड येतो. १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉन तयार झालं तेव्हा आपली एक म्हण निकालात निघाली, याची नोंद कुणी घेतलेली नाही.

नियम पाचवा. तिसरा आणि चौथा गाठ सोडवताना हरवले. ३६ नंबरची दोरी साधारण दोन मिलिमीटर जाड असते आणि वेष्टनावर लिहिलेलं असतं की दीडशे किलोच्या आसपास तुटते. नवशिका हे वाचतो, स्वतःचं वजन सत्तर किलो आहे हे आठवतो आणि त्याच्या डोळ्यांत चमक येते. ती चमक तिथेच विझवा. तो आकडा कोऱ्या, सरळ, गाठ नसलेल्या दोरीचा. गाठ मारली की तिसरा हिस्सा जातो, कधी निम्मा. दगडाच्या कडेवर घासली, झटका बसला, की उरलेल्याचाही भरवसा नाही. म्हणून तुटण्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर काम घ्यावं, म्हणजे तीस किलो. तीस किलोत माणूस बसत नाही. लळिंगच्या किल्ल्यावर किंवा पाटणादेवीच्या धबधब्यापाशी या दोरीला धरून उतरायचा विचार ज्याच्या मनात येईल त्यानं रीळ शेजारच्या शहाण्या माणसाकडे ठेवायला द्यावं.

सिंहगडावर १६७० मध्ये तानाजी पडल्यावर सूर्याजींनी दोर कापल्याचं सांगून मावळ्यांना फिरवलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नवशिक्यांनी त्यातून एवढंच घ्यावं, की वर चढायचा दोर कापायला धारदार काहीतरी जवळ लागतं. डांबरी दोरीच्या बाबतीत ते फार लागतं.

आता हवामान. पुस्तकं स्वीडनच्या थंडीत लिहिलेली असतात. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, भुसावळकर त्यालाही ‘बरं आहे’ म्हणतात. दुपारी रस्ता ओलांडताना चप्पल डांबरात रुतते. जे रस्त्याला होतं ते दोरीला होणार नाही असं मला का वाटलं, सांगता येत नाही. रीळ मी मोटरसायकलच्या डिकीत ठेवलं होतं, बारा दिवस, मे महिन्यात. शेजारी बामणोदची चार वांगी होती, तीही एक दिवस.

या वांग्यांबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण खानदेशात कॅम्पिंग नावाची गोष्ट फार जुनी आहे, तिला फक्त भरीत पार्टी म्हणतात. हिवाळ्यात शेतात जायचं, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि रात्री बांधावर गोधडी. तंबू नाही, दोर नाही, ‘सर्व्हायव्हल’चा पत्ता नाही, तरी सगळे जिवंत परत येतात. मी मात्र अवकाळी हौसेनं उन्हाळी वांगी आणली आणि ती डिकीत ठेवली. त्या भरिताला जो वास आला तो जळगाव-भुसावळ रस्त्याचं काम चालू असताना यायचा. पत्नीनं एक घास घेतला आणि विचारलं, “यात खडी किती घातलीय?” डांबराच्या काही जाती आरोग्याला घातकही असतात. दोरी दातानं ओढू नका, खाण्याच्या वस्तू तिनं बांधू नका. हा नियम सहावा, आणि तो विनोदी नाही.

पहिली खरी मोहीम शिरपूर तालुक्यात, बोराडीकडे, मित्राच्या शेतावर. यावलच्या अभयारण्यात जायचं ठरलं होतं, पण ते १९६९ पासून अभयारण्य आहे, मनाला येईल तिथे तंबू ठोकून जाळ करता येत नाही, आणि वर सांगितलेल्या क्रमाप्रमाणे परवानगी राहिलीच होती. शेतामागे सातपुडा, आषाढाचे दिवस, आभाळ भरलेलं. मित्राच्या शेतावर जिभाऊ राहतात. वय सत्तरच्या पुढे. त्यांनी माझं रीळ हातात घेतलं, हुंगलं, लांब धरलं.

“भाऊ, हाऊ दोर शे? माले वाटनं टेपरेकॉर्डरनी फीत शे.”

मी त्यांना दीडशे किलोचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. झोपडीत जाऊन त्यांनी स्वतःचा दोर आणला, अंबाडीचा, करंगळीएवढा, मधेमधे काळपट पडलेला. त्यांच्या वडिलांच्या वेळी विहिरीवर मोट होती. मोटेला दोन दोर लागत: जाड नाडा मोट ओढायला आणि बारीक सोंदूर तिची सोंड धरायला. बैलाला कासरा, नाकात वेसण, तोंडाला म्होरकी, गोठ्यात दावं. घरात बाजेला सुतळी. हे सगळं एकच ‘दोर’ नव्हतं, जसं भात, पेज आणि चुरमुरे एक नव्हेत. आणि हे वळून देण्याचं काम गावगाड्यात बहुतेक मातंग समाजाकडे असायचं. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा साज दिसे तो त्यांच्या हातचा. ज्यानं दोर वळला त्याच्या वाट्याला सुगीत किती धान्य आलं, हा प्रश्न पोळ्याच्या फोटोत येत नाही.

अंबाडी कशी करायची ते जिभाऊंनी पाऊस येईपर्यंत सांगितलं. पिकाच्या कडेनं लावायची, कोवळी असताना भाजी खायची, वाढली की खोडं कापून पाण्यात दाबून ठेवायची. आठ-दहा दिवसांत साल कुजते, दुर्गंध सुटतो, मग सोलून, आपटून, धुऊन वाख काढायचा. म्हणजे दोराचा जन्मच कुजण्यातून. आधी मुद्दाम कुजवायचं आणि मग जन्मभर कुजू नये म्हणून जपायचं. डांबर वगैरे पुढचं. अंबाडी नसेल तर रानात अंजनाची साल आहे, आपट्याची साल आहे. पळसाचं मूळ ठेचलं तर त्याचाही चिवट वाख निघतो. घर सारवायचे-रंगवायचे कुंचे त्याचेच व्हायचे. सातपुड्यातला पावरा किंवा भिल्ल माणूस मोळी बांधायला रीळ बरोबर नेत नाही. मोळीजवळच दोर उभा असतो.

मग मी विचारलं, झाडातलं डांबर आपल्याकडे आहे का? काळं म्हणाल तर बिब्बा आहे. परीट कपड्यावर खूण करायचे ती याच्या रसानं, आणि ती काही केल्या जात नसे. पण तो अंगावर उततो, सूज आणि फोड येतात. दोराला बिब्बा लावण्याची कल्पना मी मांडली तेव्हा जिभाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून ‘बिब्बा घालणं’ म्हणजे काय ते कळलं. खरं उत्तर मला नंतर सुचलं: खैर. खैराच्या लाकडाचा काढा आटवून कात होतो, आपण तो पानात खातो. हाच कात एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून युरोपात जायचा आणि तिकडचे कोळी जाळी नि शिडं त्याच्या पाण्यात उकळायचे, कुजू नयेत म्हणून. आपला कात त्यांच्या जाळ्याला, त्यांचं डांबर आपल्या डिकीत. निदान या व्यापारात आपण पुढे नव्हतो.

नियम सातवा: पावसात दोर कसा वागतो ते आधी माहीत असावं. मला नव्हतं. तंबूवरची ताडपत्री मी डांबरी दोरीनं ताणली, तंतुवाद्यासारखी. रात्री पाऊस लागला. नायलॉन भिजलं की थोडं लांबतं. दोरी सैल पडली, ताडपत्रीला पोट आलं, पोटात पाणी साचलं, आणि दोनच्या सुमारास ते पोट आमच्यावर मोकळं झालं. जिभाऊंची झोपडी शेजारीच. तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अंबाडीच्या दोरानं बांधलेला. वाखाचं उलट असतं, भिजलं की आखडतं. म्हणजे त्यांचं संकट माझ्याविरुद्ध: खुंट्या उपटून येण्याची भीती. मी पोटाखालून बाहेर आलो तेव्हा ते कंदील घेऊन एकेक दोर हातभर सोडत फिरत होते.

“रातले ढिल्ला करना पडस, भाऊ.”

पुस्तकात हे दोन ओळींत असतं. सत्तर वर्षांच्या माणसानं पावसात उठून करायचं काम म्हणून ते लिहिलेलं नसतं.

सकाळी गाठी सोडायची वेळ आली. मराठीत गाठी मुख्यतः दोन: सुरगाठ, जी एक टोक ओढलं की सुटते, आणि निरगाठ, जी सुटत नाही. मी रात्री बारा सुरगाठी मारल्या होत्या, मोजून. सकाळी बाराही निरगाठी झालेल्या. पाण्यानं घट्ट ओढल्या गेल्या आणि काळ्या लेपानं एकमेकींना चिकटल्या. नखं काळी झाली, पक्कड काळी झाली, मित्राचा शर्ट काळा झाला. शेवटी विळा आणला. बारा गाठी, चोवीस तुकडे. सूर्याजींनी दोर कापला तो इतिहास झाला. आम्ही कापला त्याचा जिभाऊंनी दुपारपर्यंत उपयोग केला. तुकड्यांनी कुंपणाचे काटे बांधले. ते कुंपण अजून हललेलं नाही, हे डांबराच्या बाजूनं नोंदवायला हवं.

दोराची खरी परीक्षा कुठली, हे मात्र मी शिरपुरात नाही, आखाजीला शिकलो. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि गावातल्या प्रत्येक मोठ्या कडुनिंबाला झोका लागतो. वैशाखाचं ऊन, फांदीवर सतत घासणं, आणि झोक्यावर आधी एक, मग दोन, मग पाठीमागून चढलेली तिसरी बहीण. हा भार स्थिर नसतो. झोका खालच्या टोकाला येतो तेव्हा दोराला माणसाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढ बसते. त्यामुळे फांदीवर आधी पोत्याचं गोणपाट गुंडाळतात, दोर दुहेरी टाकतात आणि घरातला सर्वांत जड माणूस आधी बसवून पाहतात. आमच्या घरी तो मान माझा. जळगाव जिल्ह्यात कुठे कुठे याच दिवसांत बारागाड्या ओढतात, एकापाठोपाठ बांधलेल्या बैलगाड्या आणि पुढे एकटा भगत. लोक भगताकडे पाहतात. मी हल्ली दोन गाड्यांमधल्या गाठीकडे पाहतो.

यंदा मी काळं रीळ घेऊन गेलो होतो. आतेबहिणीनं ते पाहिलं, म्हणाली, “दादा, पातळ नवं आहे.” एवढंच.

साठवणीबद्दल राहिलं. वाखाचा दोर कोरड्या जागी, उंदराच्या वाटेपासून दूर, खुंटीवर सैल वेटोळं करून ठेवावा. ओला गुंडाळून ठेवला तर आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही. पेड किंचित उघडून आत पाहावं, भुकटी दिसली तर दोर गेला. नायलॉनची टोकं जाळून घ्यावीत, वाखाची टोकं दोऱ्यानं गुंडाळावीत. कुठलाही दोर सहा महिने उन्हात टांगून ‘तसाच्या तसा आहे’ असं म्हणू नये. आणि दोरावाचूनही भागतं: सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या यात्रेला दिवाळीत हजारो लोक डोंगर चढून जातात, खांद्यावर भाकरीचं गाठोडं आणि फडक्याची गाठ. त्या डोंगरावर अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात. डांबर त्यानंही आजवर कुणाकडे मागितलेलं नाही.

उरलेलं रीळ पुन्हा डिकीत राहिलं, पुन्हा मे आला. काढलं तेव्हा दोरी आणि पुठ्ठा वेगळे ओळखू येत नव्हते, सगळा मिळून एक काळा गोळा, दोन किलोच्या दगडासारखा. टोक शोधायला मी एक रविवार घालवला. आता तो गच्चीच्या दाराला लावलाय. वळवाच्या आधीचं वादळ सुटतं, केळीच्या बागा आडव्या होतात, ते दार हलत नाही.